दहा दिवसांच्या बाळाची आई : डॉ. आनंदीबाई जोशी

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची म्हटली की कोणी पाककृती देते, कोणी विणकामाचा नमुना देते, कोणी सहलीचे वर्णन लिहिते. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. मला विद्वत्तेचे काही लिहिता यायचे नाही. परंतु थोर स्त्रियांची चरित्रे वाचण्याची मला आवड आहे, आणि त्यांतले एक चरित्र आपल्या वर्तकनगरच्या बायकांना माझ्या परीने सांगावे असे फार दिवस मनात होते. ते चरित्र आहे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे.

आनंदीबाईंचे नाव शाळेच्या पुस्तकामुळे आपल्या सर्वांना ठाऊक असते. समुद्र ओलांडून अमेरिकेला गेलेली आणि डॉक्टर होऊन परत आलेली महाराष्ट्राची पहिली कन्या, एवढे आपण पाठ केलेले असते. पण डॉक्टर होण्याच्या कितीतरी आधी त्या एका दहा दिवसांच्या बाळाच्या आई होत्या, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आपल्या इमारतींत कुठल्या ना कुठल्या घरी पाळणा हलत असतोच. बाळाला किती वेळाने पाजावे, झोपले असता उठवावे की नाही, रात्रीचे पाजावे की नाही, हे प्रश्न प्रत्येक बाळंतिणीच्या खाटेभोवती फिरत असतात. म्हणून आनंदीबाईंची गोष्ट मी आज या बाजूने सांगते.

आनंदीबाई म्हणजे आपल्या शेजारच्या कल्याणच्या जोशांची लेक. त्यांचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव आणि आई गंगाबाई. घराणे जुने, जमीनजुमल्याचे, पण त्या काळी परिस्थिती उतरणीला लागलेली. ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी 1 मे 1854 रोजी सुरू झाली होती. म्हणजे यमुनेच्या जन्माआधी अकरा वर्षे कल्याणच्या लोकांनी गाडी पाहिली होती. गाडी आली, तार आली, टपाल आले. परंतु घरातल्या माजघरापर्यंत नवे काही पोचायला अजून पुष्कळ अवकाश होता. मुलीने पाटी-पेन्सिल हाती घेणे हीच त्या वेळी नवलाची गोष्ट होती.

नवव्या वर्षी, 1874 साली, यमुनेचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपालखात्यात नोकरीला होते. वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि बिजवर. त्यांची एक अट होती, ती म्हणजे मुलीला शिकवू द्यायचे. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली आणि शिक्षण सुरू झाले. हे शिक्षण लाडीगोडीचे नव्हते. गोपाळराव हट्टी आणि तापट होते. अभ्यासावरून लहानग्या आनंदीला त्यांच्या हातचा मार पडत असे. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी या माराची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली. उपकार मानले, पण झाले ते झाकून ठेवले नाही. मला या गोष्टीचे फार महत्त्व वाटते. ज्याने आपल्याला वर आणले त्याचे ऋण मानावे, आणि लागले ते लागले असेही म्हणावे, एवढे बळ त्या वयाच्या मुलीच्या अंगी होते.

चौदाव्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

भगिनींनो, चौदा वर्षांची मुलगी म्हणजे आज आपल्याकडे आठवी-नववीला जाते. डबा विसरली तर आपण तिच्यामागे जिन्यापर्यंत धावतो. त्या वयात आनंदीबाईंच्या मांडीवर मूल होते, आणि दहा दिवसांनी मांडी रिकामी झाली. आपल्या समाजात बारसे बहुधा बाराव्या दिवशी करतात. बारशाचा दिवस उजाडण्याच्या आधीच ते बाळ गेले.

त्या काळच्या बाळंतपणाच्या चालीरीती आपल्या आज्यांच्या तोंडून आपण ऐकलेल्या आहेत. खोलीची दारे-खिडक्या बंद, आत शेगडी, धूर. पहिला पिवळा चीक वाईट समजून पिळून टाकायचा. दूध येईपर्यंत दोन-तीन दिवस बाळाच्या तोंडात मधाचे बोट, साखरेचे पाणी, नाहीतर दुसऱ्या कोणा लेकुरवाळीचे दूध. घरोघरी थोड्याफार फरकाने असेच चाले. त्यात कोणाची माया कमी होती असे नव्हे. घरातली प्रत्येक बाई आपल्या समजुतीप्रमाणे चांगलेच करीत असे. परंतु बाळ दूध ओढत नाही, अंग गार लागते, सारखे झोपूनच राहते, हे पाहून त्याचा अर्थ सांगणारी शिकलेली बाई घरात येत नसे. डॉक्टर असले तर ते पुरुष, आणि पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायचीही बायकांना लाज वाटे. दुखणे सांगण्यापेक्षा सोसणे बरे, असा तो काळ होता.

हे दुःख आनंदीबाईंनी नुसते गिळले नाही. आपण डॉक्टर व्हायचे हा विचार त्यांच्या मनात पुढे पक्का झाला. बायकांना बायका डॉक्टर हव्यात, ही गोष्ट त्यांना पुस्तकात वाचून कळलेली नव्हती.

अमेरिकेचा योग कसा आला तेही सांगण्यासारखे आहे. गोपाळराव कोल्हापुरास असताना 1878 साली त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. ते पत्र अमेरिकेत मिशनच्या मासिकात छापून आले. धर्म बदलावा अशी अपेक्षा होती. ती या दोघांनी मान्य केली नाही, आणि मदत तेवढ्यावर राहिली. पण 1880 साली न्यू जर्सी प्रांतातल्या कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेले ते मासिक त्यांनी सहज चाळले आणि ते पत्र त्यांच्या वाचनात आले. ओळख ना देख, पण त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. पत्रांतूनच माया जडली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. कोण कुठली न्यू जर्सीची बाई आणि कोण कल्याणची मुलगी! रक्ताच्या नात्याने केले नसते इतके या मावशीने केले.

दरम्यान गोपाळरावांची बदली बंगालकडे झाली होती. आनंदीबाईंची प्रकृती तिकडे बरी राहत नसे. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा पाठीस लागलेला. आपल्यामागे अमेरिकेला जाण्याबद्दल लोक नाना तऱ्हेचे बोलत आहेत हे पाहून 24 फेब्रुवारी 1883 रोजी त्यांनी श्रीरामपूरच्या कॉलेजात जाहीर सभेत भाषण केले. हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, कलकत्त्याजवळचे. मी अमेरिकेला का जाते, हा त्या भाषणाचा विषय. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे आणि ते शिक्षण इथे घेणे का अवघड आहे, हे त्यांनी भर सभेत मांडले. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा भरवसा त्यांनी दिला. अठरा वर्षेही पुरी न झालेल्या मुलीचे हे धैर्य आहे. आपण मंडळाच्या हळदीकुंकवाला चार ओळी बोलायच्या तरी एकमेकींना पुढे ढकलतो.

प्रवासखर्चासाठी त्यांनी अंगावरचे सोने विकले. 7 एप्रिल 1883 रोजी, अठरावा वाढदिवस होऊन एकच आठवडा झाला असताना, त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता. 4 जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा कार्पेंटर मावशी धक्क्यावर न्यायला आल्या होत्या. पुढे फिलाडेल्फिया शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. हे महाविद्यालय 1850 साली निघालेले. तेथील प्रमुख रेचेल बॉडली या बाईंनी त्यांना आपलेसे केले आणि तीन वर्षांसाठी शिष्यवृत्तीची सोय झाली. थंडीचा देश, शाकाहारी जेवण, अंगावर लुगडे, पाठीस लागलेला आजार, आणि परक्या भाषेतली जाडजाड पुस्तके. अशा स्थितीत त्यांनी अभ्यास पुरा केला. 11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या आणि गोपाळरावही होते. त्याच वर्षी बंगालमध्ये कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकाची परीक्षा पार केली. एकाच वर्षी दोन टोकांना दोघी भारतीय स्त्रिया डॉक्टर झाल्या.

पदवीसाठी आनंदीबाईंना एक प्रबंध लिहावा लागला. विषय निवडायची मोकळीक असताना त्यांनी कोणता विषय निवडला पहा. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र! म्हणजे आपल्याकडील जुन्या ग्रंथांत बाळंतपणाविषयी काय सांगितले आहे, हा. ज्या मुलीचे स्वतःचे मूल दहाव्या दिवशी गेले, ती सात समुद्रांपलीकडे जाऊन पुन्हा बाळंतिणीच्या खोलीशीच येऊन उभी राहिली. तिने आपले जुने सगळे टाकाऊ मानले नाही आणि नवे डोळे मिटून घेतलेही नाही. दोन्ही समोर ठेवले.

हा तिचा मार्ग मला आपल्या आजच्या प्रश्नांना फार उपयोगी वाटतो. म्हणून चरित्र जरा थांबवून त्याबद्दल लिहिते.

माझी थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये दर तीन तासांनी घंटा वाजत असे. घंटा झाली की पाजायचे. मधे बाळ रडले तरी घंटेची वाट पाहायची. माझ्या सासूबाईंचे म्हणणे, रडले की पाजा, आणि झोपले असेल तर देव आला तरी उठवू नका. दोघी आपापल्या जागी ठाम. अशा वेळी घरातल्या मधल्या बाईची काय अवस्था होते ते तुम्हांला सांगायला नको. मग मी वाचू लागले, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना विचारू लागले, आणि तेव्हा कळले की हे भांडण आपल्याच घरचे नाही, फार जुने आणि दूरदूरचे आहे.

घड्याळ लावून पाजण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत जोरात आली ती आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर. न्यूयॉर्कचे डॉक्टर होल्ट यांनी 1894 साली आयांसाठी प्रश्नोत्तरांचे एक पुस्तक काढले, त्यात पाजण्याच्या ठरावीक वेळा घालून दिल्या. पुढे न्यूझीलंडमध्ये ट्रूबी किंग या डॉक्टरांनी 1907 साली संस्था काढली. दर चार तासांनी पाजायचे आणि रात्री मुळीच पाजायचे नाही, असा त्यांचा कडक नियम. ही शिस्त इंग्रजांच्या राज्यातून दूरवर पसरली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. बाटलीचे घाण दूध पिऊन मुले दगावत होती; स्वच्छता आणि आईचे दूध यांवर त्यांचा भर होता. पण घड्याळ मात्र बाळापेक्षा मोठे झाले. मग 1946 साली अमेरिकेतल्या डॉक्टर स्पॉक यांनी पुस्तक लिहिले आणि आईने स्वतःवर आणि बाळावर भरवसा ठेवावा असे सांगितले. म्हणजे पन्नास वर्षांत शहाण्या लोकांनीच आपले मत फिरवले.

आता आपले जुने ग्रंथ पाहू. चरकसंहितेत जन्मल्यावर मध-तूप चाटवून लगेच अंगावर पाजायला सांगितले आहे, तेही आधी उजव्या बाजूला. सुश्रुतसंहितेत मात्र दूध तीन-चार रात्रींनी उतरते असे धरून तोवर मध-तूप देण्यास सांगितले आहे. म्हणजे जुन्या ग्रंथांतही एकवाक्यता नाही. त्याच सुश्रुताने आणखी एक सुंदर गोष्ट सांगितली आहे. बाळाला सुखाने धरावे, दरडावू नये, आणि झोपेतून एकदम दचकवून उठवू नये. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला बाळाच्या दचकण्याची काळजी होती.

आजचे वैद्यक काय सांगते? जन्मल्यावर पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावावे. पिवळा चीक टाकू नये, ती बाळाची पहिली लस समजावी. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको. पाणी नको, गुटी नको, आणि मध तर वर्षाचे होईपर्यंत नकोच, कारण मधातून तान्ह्या मुलाला घातक विषबाधा होऊ शकते. इथे चरक आणि सुश्रुत दोघांनाही नमस्कार करून आपण पुढे जायचे. पहिल्या दिवसांत बाळाचे पोट इतके लहान असते की एका वेळी चमचा-दीड चमचा चीकच पुरतो. म्हणून त्याला पुन्हा पुन्हा लागते. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे हे नेहमीचेच समजावे. रडणे ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी बाळ तोंड वळवते, जीभ काढते, मूठ चोखते. तेव्हाच घ्यावे.

झोपेचेही तसेच. तान्हे बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. त्याला रात्र आणि दिवस कळत नाही. ते कळायला काही आठवडे जातात. म्हणून पहिल्या महिन्यात रात्रभर झोपावे असा हट्ट धरू नये. रात्री दिवा मंद ठेवावा, बोलणे कमी ठेवावे, दिवसा उजेडात ठेवावे, एवढी सवय आपण लावू शकतो. झोपवताना उताणे झोपवावे, उशा-गाद्यांच्या ढिगात ठेवू नये. आणि पहिल्या आठवड्यांत बाळ तीन-चार तासांहून जास्त झोपले तर त्याला उठवून पाजावे. मात्र सुश्रुताने सांगितल्याप्रमाणे हळूच, दुपटे सैल करून, तळपाय चोळून.

म्हणजे झाले काय? मोबाइलची घंटा थोडी बरोबर आणि सासूबाईही थोड्या बरोबर. घड्याळ हे बाळ फार वेळ उपाशी राहू नये म्हणून. भुकेल्या बाळाला थांबवून ठेवण्यासाठी नव्हे. खरा हिशेब बाळाच्या अंगावर दिसतो. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले होतात की नाही, पाजल्यावर बाळ समाधानी दिसते की नाही, आणि सुरुवातीला थोडे उतरलेले वजन दोन आठवड्यांच्या सुमारास भरून येते की नाही. हे तीन पाहिले की कोणाशी वाद घालण्याचे कारण उरत नाही. आमच्या घरी एक जुनी वही काढली. त्यात ओले लंगोट आणि पाजल्याच्या वेळा मांडू लागलो. सासूबाईंना अक्षर लावता येत नाही, त्या रेघा मारीत. आठवड्याभरात घंटा बंद झाली.

आता पुन्हा आनंदीबाईंकडे येते. पदवी मिळाल्यावर कोल्हापूर संस्थानाने त्यांची अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर नेमणूक केली. हे रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाते. ज्या कामासाठी सगळे सोसले ते काम हाती आले. परंतु शरीराने साथ दिली नाही. क्षयाने त्यांना पुरते पोखरले होते. ऑक्टोबर 1886 मध्ये त्या अमेरिकेहून निघाल्या आणि 16 नोव्हेंबरला मुंबईला उतरल्या. कोल्हापूरच्या कामावर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. पुण्यास उपचार चालू असताना 26 फेब्रुवारी 1887 रोजी त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आल्या, आणि मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी गावच्या आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. आजही तेथे त्यांच्या नावाचा दगड आहे.

एकाही बाळंतिणीला त्यांना आपल्या देशात तपासता आले नाही. मग एवढ्या खटाटोपाचे फळ काय, असे कोणी विचारील. मी म्हणते, फळ मागाहून येणाऱ्यांच्या पदरात पडले. रखमाबाई 1889 साली विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरतेस अनेक वर्षे बायकांची सेवा केली. पुढे शेकडो मुली त्या वाटेने गेल्या. आज आपण बाळंतपणासाठी नाव घालायला जातो आणि समोर बाई डॉक्टर बसलेली असते, त्यात आपल्याला नवल वाटत नाही. हे नवल न वाटणे हेच त्यांचे फळ आहे.

पण मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आपल्यासारख्या कमी शिकलेल्या बायकांसाठी आहे. आनंदीबाईंच्या बाळाजवळ त्या दहा दिवसांत डॉक्टर बसून राहणे शक्य नव्हते. आजही डॉक्टर घरात बसून राहत नाही. मग बाळाकडे जाणत्या डोळ्यांनी पाहायचे कोणी? याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1995 सालापासून 39 गावांत एक काम उभे केले. गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना त्यांनी तयार केले. या बायका घरी जाऊन बाळाचे वजन करीत, अंग गार आहे का पाहत, दूध ओढते का पाहत, आईला पाजायला शिकवीत, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर शिकवल्याप्रमाणे औषधही देत. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली विलायतेतल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात हे छापून आले आणि जगाने त्याची दखल घेतली. सातवी शिकलेल्या बाईच्या हातून काय होऊ शकते, हे वाचून माझी मान ताठ झाली.

त्याच धर्तीवर 2011 सालापासून देशभर आशाताई बाळाच्या घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. भगिनींनो, हिशेब करून पहा. दहा दिवसांत दोन फेऱ्या येतात. आनंदीबाईंच्या बाळाच्या वाट्याला जेवढे दिवस आले, तेवढ्यात आज दोनदा जाणती बाई दाराशी येऊ शकते. पण आपण पुष्कळदा काय करतो? बाळाला नजर लागेल, विटाळ होईल, परके माणूस कशाला, म्हणून दारातूनच वाटेला लावतो. नाहीतर आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे जातो, आम्हांला गरज नाही, असे म्हणतो. मोठ्या डॉक्टरांची पुढची तारीख महिन्याने असते. बाळाचा धोका पहिल्याच आठवड्यात जास्त असतो.

म्हणून काही लक्षणे प्रत्येकीने पाठ करावीत. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास भरभर चालला, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा आला, झटके आले किंवा उठवूनही जागे होईना, तर घड्याळ पाहू नये आणि मुहूर्तही पाहू नये. तडक दवाखाना गाठावा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत असते. पैशासाठी कोणी सकाळपर्यंत थांबू नये.

आपल्या मंडळाने या वर्षी एक लहानसे काम अंगावर घ्यावे अशी माझी विनंती आहे. प्रत्येक इमारतीतल्या एका सभासदेने आपल्या इमारतीत कोण बाळंत झाली याची आठवण ठेवावी, आशाताई आल्या तर त्यांना त्या घरी बरोबर घेऊन जावे, आणि घरात घंटेवरून की गुटीवरून वाद चालला असेल तर शांतपणे मधे बसावे. डोहाळजेवणाला आपण ओटी भरतोच. त्या ओटीत एक कोरी वही आणि पेन्सिलही घालावी. याला वर्गणी लागत नाही आणि फार शिक्षणही लागत नाही.

कल्याणच्या त्या मुलीला हे सांगायला कोणी आले नाही, म्हणून ती स्वतः शिकायला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेली. आपल्याला फक्त दोन जिने चढून शेजारच्या दारापर्यंत जायचे आहे.

– मंडळाची एक सभासद, वर्तकनगर, ठाणे